यादी आणि तिचे बांध

बीड जिल्ह्याचे तालुके ११. वर्णानुक्रमें त्यांचीं नांवें अशीं: अंबाजोगाई, आष्टी, केज, गेवराई, धारूर, परळी, पाटोदा, बीड, माजलगाव, वडवणी आणि शिरूर कासार. श्रोत्यांनीं हीं नांवें एका ओळींत कागदावर मांडून घ्यावींत.

समजा, दुष्काळाच्या वर्षीं कोणत्या तालुक्यास पाण्याचे किती टँकर धाडावयाचे, याचा हिशेब संगणकावर करण्याचें काम एकाद्या नवशिक्याकडे आलें. त्यानें ‘पायथॉन’ या संगणकाच्या भाषेंत ‘तालुके’ नांवाची यादी केली आणि सर्व नांवें मिळावींत म्हणून तालुके[०:१०] असें लिहिलें. उत्तर आलें, यंत्रानें कसलीही तक्रार केली नाहीं. मात्र शिरूर कासार त्यांतून निसटलें होतें.

ही चूक अडाणीपणाची नव्हे, मोजण्याच्या संवयीची आहे. पायथॉनमध्यें यादीचे क्रमांक शून्यापासून चालतात. अंबाजोगाई ०, आष्टी १, आणि शिरूर कासार १०. शेवटचा क्रमांक १०, तेव्हां १० पर्यंत घ्यावें, हा विचार वरवर बिनतोड वाटतो. परंतु यादीचा तुकडा काढतांना, म्हणजेच ‘स्लायसिंग’ करतांना, चौकटी कंसांतील आंकडे हे नांवांचे न समजतां नांवांमधील सीमांचे समजावे.

शेताचेंच उदाहरण घेऊं. एका रांगेंत ११ वाफे असतील, तर त्यांना बांध १२ लागतात. पहिल्या वाफ्याच्या अलीकडचा बांध ०, अखेरच्या वाफ्याच्या पलीकडचा ११. तालुके[२:५] याचा अर्थ, २ आणि ५ या बांधांमधील सारे वाफे: केज, गेवराई व धारूर. मधलीं दोन टिंबें विसर्गासारखीं दिसतात. त्यांचा अर्थ ‘पासून, अलीकडेपर्यंत’ एवढाच. अर्थात् सर्व तालुके हवे असल्यास ११ व्या बांधापर्यंत जावें लागतें.

या रीतीचे लाभ दोन. ५ मधून २ वजा केले कीं तुकड्यांत ३ नांवें आहेत हें न मोजतां कळतें. शिवाय तालुके[०:५] आणि तालुके[५:११] हे तुकडे जोडले असतां मूळ यादी जशीच्या तशी उभी राहते. कारण ५ वा बांध दोघांचा सामाईक आहे. शून्यापासून मोजावें व शेवटची सीमा वगळावी, या पद्धतीचें समर्थन डच संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांनीं १९८२ सालीं एका टिपणांत केलें होतें. पायथॉनचे जनक ग्विडो व्हॅन रॉसम हेही मूळचे डच; त्यांची भाषा १९९१ सालीं प्रसिद्ध झाली.

सीमेचा आंकडा गाळला, तर यंत्र यादीचें टोंक धरतें. म्हणून तालुके[:] म्हणजे संपूर्ण यादी. उणे आंकडे शेवटाकडून मोजले जातात. तालुके[-३:] यानें माजलगाव, वडवणी व शिरूर कासार हीं नांवें येतात. तुकडा ही नवी यादी असते. तींतील एकादें नांव खोडलें तरी मूळ यादींतील नांव कायम राहतें.

एक सावधगिरी मात्र अवश्य बाळगावी. तालुके[५०] असें एकच नांव मागितलें, तर यंत्र चूक दाखवून थांबतें. तालुके[८:५०] असा तुकडा मागितला, तर तें मुकाट्यानें उरलेलीं ३ नांवें देतें. तुकडा लहान पडला किंवा सीमा फार पुढें गेली, तरी यंत्र बोलत नाहीं.

म्हणून उत्तर हातीं येतांच एक वजाबाकी करावी. १० मधून ० गेले, राहिले १०. जिल्ह्याचे तालुके ११. एवढें पाहिलें असतें, तर शिरूर कासारचे टँकर त्याच दिवशीं निघाले असते.