पूसेच्या काठी आपले स्वागत

संमेलनाध्यक्ष महोदया, मंचावरील मान्यवर आणि भित्तिचित्रकार, कलाशिक्षक मित्रहो,

पुसद नगरीत आपले मनःपूर्वक स्वागत. एसटीत हाडे खिळखिळी करून आलात, तरी कुणाच्या कपाळावर आठी नाही, हा आपला मोठेपणा.

चित्रकलेतले मला दुकानाच्या पाटीपुरतेच कळते. पण अजिंठ्यावर आमचाही थोडा हक्क पोहोचतो, बरं का! सोळावे लेणे करवून घेणारा वराहदेव हा वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री. त्यांची राजधानी वत्सगुल्म, म्हणजे शेजारचे वाशीम. आणि आमची पूस नदी तिकडूनच येते. याहून जवळचे नाते मला जोडता आले नाही, गोड मानून घ्या.

गावाबद्दल मात्र विचारा! जवळच्या गहुलीचे वसंतराव नाईक १९६३ पासून अकरा वर्षांहून अधिक काळ मुख्यमंत्री होते. त्यांचे पुतणे सुधाकरराव १९९१ मध्ये त्याच खुर्चीवर बसले. मुख्यमंत्री होण्याआधी वसंतराव पुसद नगरपालिकेचे अध्यक्ष होते, हे आजच्या पोरांना सांगावे लागते. मुख्यमंत्रिपद मुंबईचे हो, नगराध्यक्षपद आमचे!

माझा जीव मात्र १९३० च्या जुलैत अडकलाय. दांडीला समुद्र होता. वऱ्हाडात मीठ कुठून आणणार? तेव्हा लोकनायक बापूजी अणे यांनी जंगल कायदा मोडायचे ठरवले. माणूस मूळचा वणीचा, वकिली यवतमाळची. १० जुलैला पुसदजवळच्या राखीव जंगलात शिरून त्यांनी विनापरवाना गवत कापले, अटक करवून घेतली. गुरांच्या चाऱ्याचे दुखणे इथल्या शेतकऱ्याला मिठाहून जवळचे होते, हे त्यांनी बरोबर हेरले. पुढे ते बिहारचे राज्यपाल झाले. पण विळा घेतलेले अणे मला अजून एकाही भिंतीवर भेटलेले नाहीत.

कॅनडात शमेनस नावाचे समुद्रकाठचे लाकूड कापणारे गाव आहे. त्याने १९८२ पासून आपला इतिहास भिंतींवर रंगवला. पुढच्याच वर्षी तिथली लाकडाची गिरणी बंद पडली, पण चित्रे पाहायला लोक येत राहिले. आमच्या नदीकाठच्या भिंतीवर सध्या ट्यूशन क्लास आणि मूळव्याध यांच्या जाहिराती शेजारी शेजारी नांदतात. त्या पुसून तिथे गवताची पेंढी येऊ द्या, फेटिया-कांचळीतली तांड्यावरची बाई येऊ द्या. कुणाचा चेहरा मोठा, यावरून आमच्या समितीच्या बैठका मोडल्यात. हारवाले चेहरे चौकाचौकात आहेत. भिंत राबत्या हातांना द्यावी, असे माझे मत. समितीचे नाही.

आता क्षमायाचना. खोल्या कमी पडल्या, म्हणून काहींना शाळेच्या वर्गात झोपावे लागेल. बाके हलवली आहेत, फळा तेवढा राहिला. डास नदीचे, त्यांच्यावर समितीचा अधिकार चालत नाही. पंखे उसने आहेत, लाइट गेल्यास जनरेटर सुरू व्हायला थोडा वेळ लागेल.

जिनिंगवाल्यांनी मांडवाचा खर्च उचलला, डॉक्टर मंडळींनी चहाचा. मास्तरांनी एक दिवसाचा पगार दिला, भाजीबाजारातल्या बायांनी वांगी. रंगाच्या दुकानदारांनी डबे दिले, तेही उधारीची वही न काढता. कुणाचे नाव सुटले तर रागावू नका. रात्री घरी येऊन माफी मागीन.

दुपारी रोडगे आणि वांग्याची भाजी आहे. कूपन डाव्या दारापाशी मिळतील. रोडगे गरम असतानाच खावेत, म्हणून उद्घाटकांना विनंती, भाषण जरा आवरते घ्यावे. माझे लांबले, ते मला दिसतेय. जय महाराष्ट्र!