गर्भवतीच्या अंगावरील सूज



गर्भवतीच्या पोटाखेरीज इतरत्रही किती बदल होतात, याची वडीलधाऱ्यांनाही पुष्कळदा कल्पना नसते. शरीरातील रक्त जवळजवळ दीडपट होते; हिरड्यांतून रक्त येते, सांधे सैलावतात, जुनी चप्पल पायात जात नाही. सायंकाळी घोट्यांवर येणारी सूज बहुधा साधीच असते. अशा वेळी कुशीवर निजावे, पाय उशीवर ठेवावेत, परकराची नाडी आवळू नये. सुजेच्या भीतीने पाणी मात्र तोडू नये. चौविहार पाळणाऱ्या श्राविकेने याविषयी डॉक्टरांशी आधीच बोलावे.

परंतु २० व्या आठवड्यानंतर चेहरा व हात एकाएकी सुजले, डोके सतत दुखू लागले, डोळ्यांपुढे काजवे चमकू लागले, तर ‘या दिवसांत व्हायचेच’ म्हणून सुनेला गप्प बसवू नये. हे वाक्य घरोघरी फार सहज उच्चारले जाते! त्याच दिवशी रक्तदाब पाहावा. तो १४०/९० वा त्याहून अधिक निघाल्यास रुग्णालय गाठावे. पहिलटकरणीस हा धोका अधिक. प्रसूतीनंतरही सहा आठवड्यांपर्यंत तो उद्भवू शकतो. म्हणून बाळंतिणीची डोकेदुखी केवळ जागरणावर ढकलू नये.