जुनीं सभागृहें आणि थकलेले कान



मागच्या बांकावरील मुलांना 'ऐकूं येतें ना रे?' असें विचारण्यांत माझा जन्म गेला. आतां मीच मागच्या बांकावर आहें. २०२४ सालीं धाकट्या कन्येच्या पदवीदान समारंभास गेलों. सभागृह फार जुनें. नांव सांगून कोणास दोष देण्याची इच्छा नाहीं. उंच कमानी, रंगीत कांचा, फरसबंदी जमीन! डोळे तृप्त झाले. कानीं मात्र नुसती गुणगुण आली. मुलीचें नांव पुकारलें गेलें, हें शेजारच्या गृहस्थांनीं हात हालवून सांगितलें तेव्हां मला कळलें.

दोष केवळ माझ्या कानांचा नव्हता. दगड व कांच आवाज शोषीत नाहींत, परतवितात. एक शब्द विरण्यापूर्वींच दुसरा त्यावर येऊन आदळतो. अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठांत १८९५ सालीं फॉग संग्रहालयाच्या नव्या व्याख्यानगृहाची हीच गत झाली. तेथें उच्चारलेला शब्द सुमारें साडेपांच सेकंद घुमत राही. वॉलेस सॅबिन ह्या तरुण अध्यापकानें सँडर्स नाट्यगृहांतील बैठकींच्या गाद्या रात्रीं आणविल्या, ऑर्गनची नळी वाजविली, आणि गाद्या वाढतील तसा घुमारा किती घटतो, हें घड्याळ लावून मोजलें. वास्तूंच्या ध्वनिशास्त्राचा पाया असा गाद्यांवर रचला गेला!

परंतु पुरातन वास्तूंत गाद्या व नमदे कोठें टांगावे? मुंबई विद्यापीठाचें १८७४ सालीं पुरें झालेलें पदवीदान सभागृह सर गिल्बर्ट स्कॉट यांच्या आराखड्याचें. २०१८ पासून तो परिसर जागतिक वारशांत गणला जातो. अशा दगडास खिळा मारणेंही जिवावर येतें. बरें, कर्ण्याचा आवाज चढवावा, तर घुमाराही चढतो.

तेव्हां उपाय एकच: वक्त्याचा शब्द दालनांत भटकूं न देतां मायक्रोफोनपासून थेट ऐकणाराच्या कानीं पोंचविणें. ह्याचे मार्ग मुख्यतः तीन. पहिला, जाजमाखालून तांब्याच्या पट्टीचें वेटोळें फिरविणें. त्यांतील चुंबकीय स्पंदनें श्रवणयंत्रांतील टेलिकॉइल झेलतें, निराळें उपकरण लागत नाहीं. मात्र जमिनींत लोखंड असल्यास जोर ओसरतो. दुसरा अवरक्त किरणांचा. ते भिंतीबाहेर जात नाहींत, पण मोठ्या खिडक्यांतून ऊन आलें कीं त्यांत व्यत्यय येतो. तिसरा रेडिओलहरींचा. मंचाजवळ लहानसें प्रक्षेपणयंत्र व श्रोत्याच्या गळ्यांत ग्रहणयंत्र, एवढाच पसारा; दगडास धक्का नाहीं. म्हणून जुन्या वास्तूस बहुधा हाच सोयीचा. लहरी भिंतीपलीकडे जातात, तेव्हां शेजारच्या दालनास निराळी लहर द्यावी, इतकेंच.

तथापि यंत्र आणलें म्हणजे काम संपलें, असें नव्हे. दाराशीं स्पष्ट पाटी हवी, यंत्रें विजेनें भरलेलीं हवींत, तीं देणारा एक माणूस हवा. 'माझा आवाज मोठा आहे' म्हणून मायक्रोफोन दूर सारणाऱ्या वक्त्यानें ध्यानांत ठेवावें कीं त्याच क्षणीं यंत्र मुकें होतें. सार्वजनिक वास्तु अपंगांस सुगम कराव्या, असें २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा सांगतो. ही भीक नव्हे, हक्क आहे. आम्हां वृद्धांनींही लाज सोडून यंत्र मागून घ्यावें. त्या दिवशीं तेथें असें यंत्र होतें कीं नव्हतें, हें मीं विचारलेंच नाहीं. तेवढी चूक माझी.

कारण मुलीचें नांव त्या मंचावरून एकदांच पुकारलें जातें.