ठेचा, मुरी आणि आमचं एक वर्ष

(मंडळाच्या श्रावण स्नेहमेळाव्यात, रविवार, १० ऑगस्ट २०२५ रोजी खरगपूर येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)

आज आपल्यात बंगाली आणि तेलुगू सहकारीही आहेत. त्यांना शेजारी बसलेल्यांनी जमेल तसं समजावून सांगावं, ही विनंती.

कार्यकारिणीनं मला विषय दिला आहे, ‘सरत्या वर्षात लक्षात राहिलेली जेवणं’. मी रुळांवर काम करणारा डिप्लोमावाला माणूस. माझी बोलण्याची सवय वॉकीटॉकीवरची, म्हणजे दोन-तीन शब्दांत आटोपण्याची. त्यात मागच्या बाजूनं मसालेभाताचा वास येऊ लागलाय, तेव्हा किती वेळ बोलायचं हे बहुतेक आचारीच ठरवतील.

या वर्षात कोलकात्याला एका लग्नात जेवलो. पदार्थ किती होते ते मोजता मोजता रांग संपली. त्यातला एकही आज आठवत नाही. जी जेवणं आठवतात ती सगळी घरची किंवा रुळाच्या कडेची आहेत, आणि त्या सगळ्यांत माझी आई आहे. म्हणून तिच्याविषयीच बोलतो.

आपल्यापैकी बऱ्याच जणांना माहीत आहे, मे २०२४ मध्ये माझे वडील गेले. आई कराडजवळच्या आमच्या गावी एकटी राहिली. वय ७६. चार महिने ‘येते, येते’ म्हणत तिनं काढले. शेवटी विसर्जन झाल्यावर मी गावी गेलो, घराला कुलूप लावलं आणि पुण्याहून आझाद हिंदनं तिला घेऊन आलो. घट बसायच्या दोन दिवस आधी, मध्यरात्री आम्ही इथं उतरलो. आपला हा फलाट १०७२ मीटरचा, एके काळी जगातला सर्वांत लांब. २०१३ मध्ये गोरखपूरनं आणि २०२३ मध्ये हुबळीनं त्याला मागं टाकलं म्हणतात. पण रात्री म्हातारं माणूस आणि चार बोचकी घेऊन चालताना तो अजूनही सर्वांत लांबच आहे.

आली ती उपासातच. नऊ दिवसांचे उपास तिनं सोयीचे करून घेतले. चहा, थोडं दूध, फार तर एक केळं. अष्टमीला कॉलनीतल्या दुर्गापूजेचा भोग घरी आला. भाजलेल्या मुगाची डाळ आणि गोबिंदोभोग तांदूळ यांची ती खिचुडी, सोबत लाबडा म्हणजे सगळ्या भाज्यांची मिसळ. आईनं झाकण उघडून वास घेतला, “डाळ आधी भाजून घेतात वाटतं,” एवढंच म्हणाली आणि झाकण लावलं. दसरा झाला, उपास सुटले, तरी तिचं जेवण काही सुरू होईना. दोन घास खायचे, “झालं माझं” म्हणायचं आणि ताट सरकवायचं. आमच्या सौ.नं भरली वांगी केली, पुरणपोळी केली, पातळ पिठलं केलं. आई प्रत्येक वेळी “छान झालंय” म्हणायची आणि ताट सरकवायची. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या. काही निघालं नाही. वजन मात्र ३८ किलोवर आलं होतं.

निदान केलं ते सौ.नं. ती म्हणाली, “त्यांनी पंचावन्न वर्षं दुसऱ्याला वाढून मग स्वतः घेतलंय. आता आपण त्यांना पाटावर बसवून वाढतोय. पाहुण्यासारखं किती दिवस जेवतील?” मला हे पटलं, पण उपाय दोघांनाही सुचेना. मुद्दाम ‘आई, तुम्ही करा’ म्हणावं तर तिला ते लगेच कळलं असतं.

मध्ये कोजागिरी आली. आपल्याकडे त्या रात्री आटीव दूध, तर बंगाल्यांकडे त्याच रात्री लक्ष्मीपूजा, आणि नावही तेच, कोजागरी. समोरच्या क्वार्टरमधल्या सहकाऱ्याच्या आई, त्यांना आम्ही सगळे ठाकुमा म्हणतो, नारळाचे नाडू घेऊन आल्या. नाडू म्हणजे लाडूच. गूळ आणि ओलं खोबरं. आईनं एक खाल्ला आणि बदल्यात केशराचं दूध दिलं. दोघींना एकमेकींचं अक्षरही कळत नव्हतं. तासभर बसल्या, तरी काय बोलल्या ते देवच जाणे.

नोव्हेंबरात मी तिला गोलबाजारात घेऊन गेलो. परवल, मोचा, थोड बघून ती नुसती मान हलवत होती. पुईशाक दिसली तेव्हा म्हणाली, “हा तर मायाळू.” पुढं एका तेलुगू बाईकडे लाल देठांच्या पाल्याची जुडी होती. आईनं एक पान तोडलं, चावलं, आणि रस्त्यातच थांबली. “अरे, अंबाडी!” ती बाई म्हणे गोंगुरा, आई म्हणे अंबाडी. भाव ठरला तो बोटांवर. त्याच ओळीतल्या दुकानात उलवलू नावानं चक्क कुळीथ मिळाले.

इथं जरा विषयांतर करतो. आपण म्हणतो, आपण कुठं येऊन पडलो. पण हे गावच रेल्वेनं वसवलेलं. १८८७ मध्ये जी कंपनी निघाली तिचं नाव बंगाल नागपूर रेल्वे. नागपूर-छत्तीसगडची आधीची लाइन ताब्यात घेऊन तिनं ती पूर्वेकडे वाढवली. आपलं नागपूर तिच्या नावातच होतं. पुढं वर्कशॉप आलं, कामासाठी आंध्रातून माणसं आली, आणि त्यांनी आपला पाला, कडधान्य, लोणची बरोबर आणली. म्हणून बंगालात राहून कराडची अंबाडी मिळते. ती आपल्यासाठी कोणी आणलेली नाही, पण आपल्याला मिळते, एवढं खरं.

त्या रात्री आईनं स्वतःहून पदर खोचला. अंबाडी उकडून पाणी काढलं, तूरडाळ आणि तांदळाच्या कण्या घालून घोटली, वरून लसणाची फोडणी. ज्वारी नव्हती म्हणून तांदळाची भाकरी, आणि त्याबद्दल खरगपूरला दोन शब्द. अर्धी भाकरी खाल्ली. आम्ही काही बोललो नाही.

खरं वळण लागलं ते डिसेंबरात. रेल्वेबाहेरच्या मंडळींसाठी सांगतो, ब्लॉक म्हणजे ठरावीक वेळ गाड्या थांबवून रूळ आमच्या ताब्यात देतात. कागदावर वेळ असते, पण मिळेल तेव्हा खरा. त्या रविवारी साडेनऊचा ब्लॉक पावणेएकला मिळाला. काम उरकून, गाड्या सुरू करून आम्ही जेवायला बसलो तेव्हा चार वाजून गेले होते. आमची चौदा माणसं. एक श्रीकाकुलमचा, दोघं बालेश्वरकडचे, बाकी बहुतेक मेदिनीपूरची. आणि मेदिनीपूरचा माणूस म्हणजे मुरी. मुरी म्हणजे आपले चुरमुरेच, पण जास्त टपोरे, आणि भेळेपुरते नव्हे तर पोटभर खायचे. मोठ्या प्लॅस्टिकवर मुरीचा ढीग, त्यावर कच्चं मोहरीचं तेल, कांदा, हिरवी मिरची, टपरीवरची घुगनी, आणि सगळ्यांचे हात त्यात.

माझ्या डब्यात भाकरी, वांगं आणि एका छोट्या डबीत आईनं पहाटे केलेला शेंगदाण्याचा ठेचा होता. मी डबी मध्ये ठेवली. आमच्या जुन्या की-मननं बोटभर चाखला आणि न विचारता सगळी डबी मुरीवर उलटी केली. पुढची दोन मिनिटं कोणी बोललं नाही. नाकातून पाणी काढत सगळे खात होते. उठताना तो म्हणाला, “साहब, माँ को बोलना, डिब्बा छोटा है.”

घरी येऊन मी हा निरोप जसाच्या तसा सांगितला. आई म्हणाली, “चौदा माणसं? आणि एवढीशी डबी?” मग कोण कोण, कुठल्या गावचे, घरी बायकापोरं असतात का, रात्री कोण रांधतं, सगळी चौकशी झाली. थंडीत पोलाद आकसतं, रूळ तडकण्याची भीती असते म्हणून आमची माणसं रात्रभर रुळांवरून गस्त घालतात, हे मी तिला वीस वर्षांत दहादा तरी सांगितलं असेल. त्या दिवशी तिनं ते ऐकलं.

पुढच्या ब्लॉकच्या आदल्या संध्याकाळी अर्धा किलो मिरची आली. आमचा खलबत्ता एवढासा. आई समोर गेली आणि “हमामदस्ता” म्हणाली. ठाकुमांनी आतून लोखंडी हामानदिस्ता आणून दिला. हा एक शब्द दोघींच्या भाषेत निघाला. मिरच्या, लसूण तव्यावर भाजून, शेंगदाणे घालून कुटणं सुरू झालं. मीठ बघायला तिनं भाकरीचा तुकडा मोडला. मग तिखट जास्त झालंय का बघायला दुसरा. मग दाणे कमी वाटले, ते घालून तिसरा. मी काही बोलणार तेवढ्यात सौ.नं डोळ्यांनीच मला गप्प केलं. ओट्याशी उभ्या उभ्या आईनं एक अख्खी भाकरी संपवली. या वर्षातलं माझ्या लक्षात राहिलेलं पहिलं जेवण कुठलं म्हणाल तर ते. मी स्वतः त्यातला घासही खाल्ला नव्हता.

त्यानंतर थंडीभर डबा जात राहिला. ठेचा, कधी कुळथाचं पिठलं, एकदा झुणका. मोहरीच्या तेलाशी मात्र तिचं अजून जमलेलं नाही. वास आला की खिडकी उघडते.

संक्रांतीला भोगीची भाजी केली. बाजरीचं पीठ पुण्याहून येणाऱ्या एका स्नेह्यानं आणलं. त्याच दिवसांत ठाकुमांकडून पुली पिठे आले. तांदळाच्या पिठाची पारी, आत नारळ आणि नोलेन गुडाचं सारण, वाफवलेले. नोलेन गूड म्हणजे खजुरीच्या रसाचा गूळ, फक्त थंडीत होतो. आईनं पिठे हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि निकाल दिला, “मोदकच आहे. कळ्या पाडायचा कंटाळा केलाय.” हे मी ठाकुमांना भाषांतर करून सांगितलं नाही. मग ठाकुमांनी तिला बडी दाखवली. उडदाची डाळ वाटून, फेसून, कापडाच्या पुरचुंडीतून खसखशीवर नक्षी काढत घालायची. मेदिनीपूरची ही गहना बडी, नावाप्रमाणे दागिनाच. आपलं वाळवण उन्हाळ्यात, यांचं थंडीत. कोहळा घातलेलीही एक बडी असते, तिला आई सरळ सांडगा म्हणते. फेब्रुवारीपर्यंत गच्चीत दोन म्हाताऱ्या आणि चार ताटं, असं दृश्य होतं. एप्रिलात डॉक्टरांच्या काट्यावर ४३ किलो भरलं.

मे महिन्यात वर्षश्राद्धासाठी गावी गेलो. श्राद्ध व्यवस्थित झालं. पण सगळ्यांच्या मनात प्रश्न होता की आई आता परत येणार की राहणार. बहीण कराडला असते. तिचं म्हणणं, माझ्याकडे राहा, आपलं पाणी, आपली माणसं. ते काही चूक नव्हतं. कोणी आईला विचारत नव्हतं, आणि मला तर विचारायचा धीरच होत नव्हता. ती ‘राहते’ म्हणाली असती तर मी काय बोलणार होतो?

तिसऱ्या दिवशी बघतो तर अंगणात मिरच्या वाळत घातलेल्या. संकेश्वरी तिखटाला, ब्याडगी रंगाला. खोबरं, कांदा, लसूण, धणे, सगळं भाजून मसाला कांडपावर गेला. चार किलो कांदा-लसूण मसाला झाला. एका बाईला वर्षाला एक किलो पुष्कळ. एक किलो तिनं बहिणीसाठी बाजूला काढला, तीन किलो बरणीत दाबून भरला, वर हिंगाचे खडे ठेवले आणि दादरा बांधला. बहिणीनं विचारलं, “हा एवढा कुणाला?”

“खरगपूरला न्यायचाय,” आई म्हणाली. “तिथं माणसं चौदा आहेत.”

मी बाहेर जाऊन परतीच्या तिकिटात तिचं नाव आहे ना, ते पुन्हा एकदा पाहिलं. होतंच. पण पाहिलं.

आचाऱ्यांनी हात केलाय, तेव्हा शेवटचं सांगतो. २७ तारखेला गणपती येतायत. मोदकाच्या पिठीसाठी आईनं गोबिंदोभोग तांदूळ धुऊन सावलीत वाळवून ठेवलाय. आंबेमोहोराइतका नाही, पण वास आहे आणि चिकटपणाही आहे, असं तिचं प्रमाणपत्र मिळालंय. वाद आहे तो गुळावर. आईनं मसाल्याच्या बरोबर गावाकडची गुळाची ढेप आणलीय. आणि ठाकुमांनी जानेवारीतली नोलेन गुडाची पाटाळी खास मोदकांसाठी फ्रीजरमध्ये जपून ठेवलीय, हे त्यांनी परवा जाहीर केलं. सध्या घरात दोन पक्ष आहेत. मुलगी ठाकुमांच्या बाजूनं आहे, सौ. तळ्यात-मळ्यात. माझं मत अजून कोणी विचारलेलं नाही आणि मीही ते दिलेलं नाही. चतुर्थीला आमच्याकडे या, म्हणजे कोण जिंकलं ते कळेल.