मैदान मागणे हीही सेवाच

(मंडळ्यांच्या वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा गोषवारा)



दरवर्षी मी आपल्यापुढे वसतिगृहाचा, औषधांचा, बियाण्यांचा हिशेब ठेवते. आज मैदानाविषयी बोलणार आहे. जिथे बायांना पाण्यासाठी दरी उतरावी लागते तिथे मैदानाचे काय घेऊन बसलात, असे काहींना वाटेल. मलाही तसेच वाटत असे.

जव्हार तालुक्यातील एका पाड्यावर आपली अभ्यासिका चालते. तिथली नववीतली एक मुलगी पहाटे डांबरी रस्त्यावर धावण्याचा सराव करी. एकदा वळणावर मोटारसायकलची धडक बसून तिचा पाय मोडला. दवाखान्यात तिची आई मला म्हणाली, "ताई, रस्त्यावर नको धावू म्हणून सांगत होते. पण मग तिनं धावायचं कुठं?" मी तिच्यासाठी प्रार्थना केली आणि घरी येऊन ग्रामपंचायतीला अर्ज लिहिला.

तो अर्जच चुकला. कागद मिशनचा, सही माझी. ग्रामसभेत एक वडीलधारे उभे राहिले आणि म्हणाले, "हे मैदान पोरांना खेळायला, की तुमच्या सभा भरवायला?" मला राग आला. पण परतीच्या वाटेवर कळले, प्रश्न रास्त होता. पाड्याची गरज मी पाड्याला न विचारताच मांडली होती. अर्ज बाजूला पडला.

मग मी कायदा वाचायला घेतला. राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपवायचे २९ विषय आहेत. त्यांत ग्रंथालये आहेत, सांस्कृतिक कार्यक्रम आहेत, पण क्रीडांगण हा शब्द नाही. शहरांसाठीच्या बाराव्या अनुसूचीत मात्र बागा आणि क्रीडांगणे नावानिशी आहेत! सुदैवाने आपल्या राज्याच्या ग्रामपंचायत अधिनियमातील यादीत आखाडे, खेळांच्या जागा आणि वाचनालये येतात. म्हणजे आपण मेहेरबानी मागत नव्हतो. शिवाय १९९६ च्या पेसा कायद्याने आपल्या परंपरा आणि सांस्कृतिक ओळख जपण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे. आदिवासी उपयोजनेतील पाच टक्के निधी २०१५ पासून पेसा क्षेत्रातील ग्रामपंचायतींना थेट मिळू लागला. तो कशावर खर्च करायचा हे ग्रामसभेने ठरवायचे असते. पण आराखड्यात जे लिहिलेलेच नाही, त्याला पैसा कुठून येणार?

दुसऱ्या वेळी आम्ही मागे बसलो. तरुणांनी घरोघर जाऊन विचारले. विषय आधी महिलांच्या सभेत मांडला गेला. जागा गावठाणालगतची, गावाचीच. दिवसा मुलांनी खेळावे आणि सणावाराला तिथेच तारपा घुमावा, असे ठरले. अर्जावर मिशनचे नाव कुठेही नव्हते.

आता अडचण आपल्या घरातून आली. मंडळीतील काही जण म्हणाले, "जिथे तारपा वाजणार तिथे आपण हातभार कसा लावायचा?" मी त्यांना एवढेच विचारले, "आपल्या मुलांनी शेजाऱ्यांच्या मुलांबरोबर कुठेच खेळू नये का? आणि गावाच्या जागेवर काय वाजावे हे आपण कोण ठरवणार?" सगळ्यांना ते पटले नाही. आजही पटलेले नाही. पण मंडळीतील तरुणांनी सह्या केल्या, त्या वडीलधाऱ्यांनीही केली.

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेत ठराव झाला. पुढे तालुक्याच्या ठिकाणी खेटे सुरू झाले. कधी साहेब दौऱ्यावर, कधी कागद सापडेना. प्रत्येक वेळी तरुणांपैकी दोघे जात आणि पोच घेऊन येत. त्या पोचपावत्यांच्या जोरावरच काम पुढे सरकले. रोजगार हमीच्या कामांत मैदान बसत होते, म्हणून सपाटीकरण त्यातून झाले. मजुरी पाड्यातच राहिली. काही कुटुंबे त्या वर्षी वीटभट्टीवर उशिरा गेली, मुलांची शाळा तेवढे दिवस तरी बुडाली नाही.

काही जण कविता राऊतचे उदाहरण देतात. सावरपाड्यासारख्या आडवळणाच्या गावातली मुलगी २०१० च्या आशियाई स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये रौप्यपदक घेऊन आली, मग सोयी कशाला? मी म्हणते, ती पोहोचली, आपल्याला अभिमान आहे. पण ज्या पोहोचल्या नाहीत त्यांची नावे आपल्याला ठाऊक तरी आहेत का?

ती मुलगी आता स्पर्धेत धावत नाही. पाय भरून आला, पण पूर्वीसारखा नाही. संध्याकाळी ती लहान मुलींना खो-खो शिकवते. वाचनालयाची मागणी अजून आराखड्यात आलेली नाही, त्यासाठी पुन्हा सुरुवात केली आहे.

जखऱ्या संदेष्ट्याने पुन्हा वसलेल्या यरुशलेमचे चित्र रेखाटले, त्यात म्हातारी माणसे काठी टेकून चौकात बसली आहेत आणि मुले-मुली रस्त्यांत खेळत आहेत. देवाच्या शांतीची खूण म्हणून त्याला खेळणारी मुले दिसली, हे मी डिप्लोमा करताना वाचले होते. अर्थ त्या पाड्यावर कळला.

आपण चेंडू आणि बॅटी पाठवता, त्याबद्दल आभार. पण आणखी एक मागते. येत्या २६ जानेवारीला आपापल्या गावच्या ग्रामसभेत जाऊन बसा. गावच्या मुलांना खेळायला जागा आहे का, एवढे विचारा. उत्तर मिळाले नाही तर पुढच्या सभेत पुन्हा विचारा, आणि एकटे जाऊ नका, शेजाऱ्याला बरोबर घ्या.

प्रभू आपल्या सर्वांना आशीर्वादित करो.