शिक्का आणि मोर्तब : संदेशाच्या खरेपणाचे गणित



'शिक्कामोर्तब' हा शब्द आपण ग्रामसभेपासून मंत्रालयापर्यंत सर्वत्र वापरतो. परंतु त्यात दोन वेगवेगळ्या वस्तू आहेत, याचे भान सहसा राहत नाही. मराठा राज्यकारभारात पत्राच्या माथ्यावर मुख्य मुद्रा उमटवीत, तो शिक्का. आणि मजकूर जेथे संपे तेथे दुसरी लहान मुद्रा उमटवीत, ते मोर्तब. छत्रपती शिवाजी महाराजांच्या पत्रांच्या अखेरीस 'मर्यादेयं विराजते' ही मुद्रा आढळते. पत्र कोणाचे हे शिक्का सांगे. पत्र कोठे संपले हे मोर्तब सांगे. त्यापुढे कोणी एक ओळ जरी घुसडली, तरी ती उघडी पडे. आजही धनादेशावर आपण 'रुपये पाचशे फक्त' असे लिहितो. त्यातील 'फक्त' हा शब्द मोर्तबाचेच काम करतो.

संगणकाने पाठविलेल्या संदेशावर अशी मुद्रा कशी उमटवावी, हा आजचा विषय आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. संदेश सांकेतिक लिपीत पाठविला की तो सुरक्षित झाला, असे पुष्कळांना वाटते. परंतु गुप्तता निराळी आणि सत्यता निराळी. लखोटा बंद आहे एवढ्यावरून आतील पत्र कोणी लिहिले हे कळत नाही. 'अमुक खात्यात रुपये 500 जमा करावेत' असा आदेश एका बँकेकडून दुसऱ्या बँकेकडे जातो, तेव्हा तो वाटेत कोणी वाचला काय, यापेक्षा 500 चे 5,000 तर झाले नाहीत ना, ही चिंता मोठी असते. यासाठी पाठविणारा व घेणारा यांच्यापाशी एक समान गुप्त किल्ली असते. संदेश व किल्ली यांवरून एक लहानशी संख्या काढून ती संदेशासोबत पाठवितात. घेणारा तीच आकडेमोड करून ताळा पाहतो. या संख्येलाच आपण येथे मुद्रा म्हणू.

ही संख्या काढण्याचे हत्यार तयारच होते. अमेरिकेत 1977 साली 'डीईएस' नावाची कूटपद्धती राष्ट्रीय मानक म्हणून स्वीकारली गेली. ती 64 बिटांचा, म्हणजे शून्य व एक या 64 चिन्हांचा एक खंड घेते आणि किल्लीच्या साह्याने त्याचे दुसऱ्याच 64 चिन्हांत रूपांतर करते. संदेश मोठा असेल तर त्याचे खंड पाडावयाचे; पहिल्याचे रूपांतर करून ते दुसऱ्यात मिसळावयाचे, त्याचे पुन्हा रूपांतर करावयाचे, आणि अशी साखळी शेवटपर्यंत नेऊन अखेरचे उत्तर मुद्रा म्हणून घ्यावयाचे. मिसळण्याचा नियम सोपा आहे : चिन्हे सारखी असतील तर शून्य, भिन्न असतील तर एक. 1985 साली अमेरिकन संघ सरकारने हीच रीत मानक म्हणून प्रसिद्ध केली.

यात उणीव कोठे राहिली, हे शिक्षकांना वर्गातील फळ्यावर सहज दाखविता येईल. सोयीसाठी चारच चिन्हांचा खंड घेऊ. समजा संदेश आहे 0110 आणि त्याची खरी मुद्रा आली 1011. हे दोन्ही आकडे वाटेवरच्या लबाडाने पाहिले. किल्ली मात्र त्याला ठाऊक नाही. तो या दोहोंची मिसळ करतो : उत्तर 1101. आता तो दोन खंडांचा नवा संदेश रचतो, 0110 आणि त्यापुढे 1101. घेणारा तपासू लागतो. पहिल्या खंडाचे रूपांतर 1011 येते. ते दुसऱ्या खंडात, म्हणजे 1101 मध्ये मिसळले की पुन्हा 0110 हाती येते. आणि त्याचे रूपांतर 1011 असते हे ठरलेलेच आहे. म्हणजे जी मुद्रा छोट्या पत्राची, तीच या लांबविलेल्या पत्राची! किल्ली न चोरता शिक्का चोरीला गेला.

पुढे जोडलेला खंड बहुधा निरर्थक असतो, हे खरे. पण यंत्राला अर्थ कळत नाही. मुद्रा जुळली की ते दार उघडते.

हा दोष कूटपद्धतीचा नव्हे, जोडणीचा आहे. कूट कितीही बळकट घेतले तरी वरील करामत तशीच साधते. 1994 साली बेल्लारे, किलियन आणि रोगवे या संशोधकांनी सिद्ध करून दाखविले की, सर्व संदेश एकाच ठरावीक लांबीचे असतील आणि कूट चांगले असेल, तर ही साखळी विश्वासार्ह आहे. अट लांबीची आहे, आणि व्यवहारात नेमकी तीच मोडते. माझ्या मते या सिद्धतेचे मोठेपण जितके आश्वासनात आहे तितकेच त्या अटीत आहे. कारण ठेकेदार आश्वासन मोठ्याने वाचून दाखवितो आणि अट गिळतो.

उपाय सुचला तो मोर्तबाचाच. शेवटच्या खंडाला इतरांहून निराळी वागणूक द्यावयाची. 2000 साली ब्लॅक व रोगवे यांनी अखेरच्या खंडात वेगळी गुप्त संख्या मिसळण्याची रीत मांडली. परंतु तिला तीन किल्ल्या सांभाळाव्या लागत. 2003 मध्ये इवाता आणि कुरोसावा या जपानी संशोधकांनी त्या सर्व एकाच किल्लीतून काढून दाखविल्या. 2005 साली अमेरिकेच्या मानक संस्थेने ही सुधारित रीत 'सीमॅक' या नावाने शिफारशीत घेतली, आणि 2008 मध्ये 1985 चे जुने मानक मागे घेण्यात आले.

तथापि मोर्तबानेही एक मर्यादा सुटत नाही. वर्गात 23 मुले असली तर त्यांपैकी कोणत्या तरी दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी येण्याची शक्यता निम्म्याहून अधिक असते. मुद्रांचेही तसेच आहे. 64 बिटांच्या मुद्रा असतील तर एकाच किल्लीने सुमारे 429 कोटी संदेश झाले की दोन भिन्न संदेशांची मुद्रा एकच येण्याचा संभव बळावतो. तशी जोडी सापडली की दोन्ही संदेशांपुढे एकच मजकूर जोडावा. एकाची मुद्रा मिळाली की दुसऱ्याची फुकट मिळते. प्रेनील आणि व्हान ऊर्शॉट यांनी 1995 साली हे दाखविले. 429 कोटी ही संख्या माणसाला प्रचंड वाटते, यंत्राला तितकीशी नाही. डीईएसची 56 बिटांची किल्ली 1998 साली खास बांधलेल्या यंत्राने 56 तासांत शोधून काढली होती. 2001 मध्ये मानक झालेल्या 'एईएस' या कूटात खंड 128 बिटांचा आहे, त्यामुळे ही सीमा पुष्कळच दूर गेली आहे. तरीही एक किल्ली किती संदेशांनंतर बदलली जाते, हा प्रश्न कोणतीही संगणक-व्यवस्था ताब्यात घेताना अधिकाऱ्यांनी लेखी विचारला पाहिजे.

आपल्या खिशातील बँकेचे कार्ड पाहा. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार चुंबकीय पट्टीच्या कार्डांऐवजी चिपची कार्डे देण्यासाठी 31 डिसेंबर 2018 ही मुदत होती. ही चिप प्रत्येक व्यवहारात रक्कम, तारीख आणि दुकानातील यंत्राने दिलेला यादृच्छिक आकडा यांवर अशीच मुद्रा काढते. प्रचलित जुन्या पद्धतीत साखळी साध्या डीईएसची असते, मात्र शेवटच्या खंडावर आणखी दोन रूपांतरे करतात आणि त्यांपैकी एक दुसऱ्या किल्लीने होते. येथेही मोर्तब आहेच. शिवाय कार्डात व्यवहारांचा एक अनुक्रमांक असतो, आणि दर व्यवहाराची किल्ली त्या क्रमांकावरून नव्याने काढण्याची सोय असते. तो क्रमांक 65,535 च्या पुढे जाऊच शकत नाही; 429 कोटींचा आकडा गाठण्यापूर्वी कार्डाचेच आयुष्य संपते.