पाय वाचवताना हातांकडेही पाहावे

(रुग्णालयाच्या वार्षिक सभेत शल्यचिकित्सकांनी केलेल्या भाषणाचा संक्षेप)



पाय काढावा लागणार असे ऐकले की आपल्याला प्रथम मधुमेह आठवतो, मग तंबाखू. आणि ते रास्तच आहे. आज मात्र मी एका विरळ व्याधीविषयी बोलणार आहे. तिचे नाव सिस्टेमिक स्क्लेरोसिस. व्यवहारात तिला स्क्लेरोडर्मा म्हणतात. हीत शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते, त्वचा ताठर होते, बोटे आकसतात आणि लहान रक्तवाहिन्या अरुंद होत जातात. पुरुषांपेक्षा स्त्रियांत ती पुष्कळच अधिक आढळते.

तिची पहिली खूण बहुधा थंडीत दिसते. बोटे पांढरी पडतात, मग निळसर होतात आणि ऊब मिळताच लाल होतात. मॉरिस रेनो या फ्रेंच वैद्याने १८६२ मध्ये या प्रकाराचे वर्णन केले. अशी बोटे असणाऱ्या बहुतेकांना हा गंभीर आजार नसतो, हेही येथेच सांगितले पाहिजे. परंतु आपल्या तासगाव तालुक्यात पहाटेच्या दहिवरात द्राक्षबागेत उतरणाऱ्या किंवा बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये माल हाताळणाऱ्या भगिनी हा बदल गारठ्यावर ढकलून मोकळ्या होतात. बधिर पाय शेकोटीपुढे धरतात. चटका कळत नाही, आणि भाजलेली जागा महिनोन्‌महिने भरत नाही.

या व्याधीत जखमा हाताच्या बोटांना अधिक होतात. पायाची वेळ आली तर केवळ लहान वाहिन्यांना दोष देऊन थांबू नये. घोट्याची नाडी हाताने पाहावी, डॉप्लर करावे. मोठी धमनी अडली असेल तर ती मोकळी करून पाय वाचण्याची शक्यता असते. निफेडिपिनसारखी गोळी, शिरेवाटे इलोप्रोस्ट, वेदनाशमन, तंबाखू व मिश्री पूर्ण बंद, हे सारे शस्त्रक्रियेपूर्वीचे उपाय आहेत. बोटाचे टोक कोरडे काळे पडले असेल तर ते कापण्याची घाई करू नये. जिवंत व मृत भागाची सीमा स्पष्ट होऊ द्यावी. नातेवाइकांना ही प्रतीक्षा म्हणजे डॉक्टरांची दिरंगाई वाटते, आणि त्यांचा संताप मी समजू शकतो. पू, दुर्गंधी वा ताप आला की मात्र एक दिवसही थांबता येत नाही.

आता माझी एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी एका भगिनीचा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. तोंड पूर्ण उघडत नव्हते, श्वासनलिकेत नळी घालणे अवघड, म्हणून कमरेतून भूल दिली. गुडघा राखला, कारण गुडघ्यावरून कापल्यास कृत्रिम पायाने चालण्याचे श्रम फार वाढतात, आणि या व्याधीत फुफ्फुसेही अनेकदा दुबळी झालेली असतात. ताठर त्वचेची जखम सावकाश का होईना, भरली. आम्ही समाधानी होतो. जयपूर फूट बसवला आणि बाईंनी शांतपणे विचारले, "डॉक्टरसाहेब, हा पट्टा ओढायचा कोणी?"

त्यांची बोटे तळव्याकडे वळलेली होती. पट्टा आवळता येईना, मोजा चढवता येईना, कुबडीची मूठ धरता येईना. महिनाभर मी त्यांच्या पायाचे ड्रेसिंग पाहत होतो. हात कधी उलटून पाहिले नव्हते.

पुढे वेल्क्रोचा रुंद पट्टा, मोज्याला ओढायचे मोठे कडे आणि कोपरावर भार घेणारी कुबडी केली. खर्च शस्त्रक्रियेच्या मानाने नगण्य होता. तरीही चढवण्याच्या सरावाला अनेक आठवडे लागले, आणि सून रोज त्यांच्यासोबत येत होती म्हणूनच ते जमले.

१९६८ मध्ये जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयात आकाराला आलेला हा पाय मांडी घालून बसणाऱ्या, अनवाणी चालणाऱ्या माणसांचा विचार करून घडवला गेला. जयपूरची भगवान महावीर विकलांग सहायता समिती १९७५ पासून तो विनामूल्य देत आली आहे. पाय मिळतो, हे खरे. तो रोज सकाळी चढवता यावा, यासाठी व्यवसायोपचार तज्ज्ञ लागतो, आणि अंदाजपत्रकात त्या जागेला क्वचितच स्थान मिळते.

म्हणून विश्वस्तांपुढे माझी मागणी दोन गोष्टींची आहे: असा एक तज्ज्ञ आठवड्यातून दोन दिवस, आणि थंडी सुरू होण्यापूर्वी गरजू रुग्णांसाठी लोकरी मोजे व बंद पादत्राणे. देणगीदारांपैकी कोणी मोज्यांचा भार उचलणार असेल, तर माप घेण्याचे काम आमच्या परिचारिका भगिनी करतील.